कानाच्या यंत्राचा उन्हाळा

६ मे १९७६, पुणे

आज चिप पाहिली! बोटाच्या टोकावर तिळाएवढी. सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर आत गल्ल्या, चौक, वळणं — टेकडीवरून अख्खं रिसोड दिसावं तशी. माणसांनी हे केलं! कोणत्या हातांनी? मी तशीच बसून राहिले. इथले मुख्य इंजिनियर भगवंतराव साहेब मागून म्हणाले, "अगं भागिरथा, श्वास घे."

ती चिप घालून या कारखान्यात बहिऱ्यांसाठी कानाचं यंत्र बनवतात. उन्हाळ्यात कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं कामाला घेतात — शिकवतात, वर पगारही देतात! गावाहून, रिठदहून निघताना बाबांना ते पटतच नव्हतं. "शिकवतात बी तेच, आन् पैसे बी तेच देतात? काईतरी गडबड हाय, पोरी."

१५ मे, मंगरूळपीर

यंत्र आता माणसांना लावून पाहायचं. साहेबांनी त्यासाठी माझाच मुलूख निवडला. "तुझी भाषा, तुझी माणसं." सुट्टीत रिकाम्या पडलेल्या शाळेत टेबल मांडलं. मी लिलाआत्याकडे उतरले आहे.

कोणी आलं नाही.

१६ मे

आजही नाही! दुपारी एक बाई दारातून डोकावली. "नसबंदीवाले हा ना तुमी?"

"नाही वो माय. फक्त कान पाहातो."

"आधी कान. मंग?"

आणि गेली!

१८ मे

लिलाआत्यानं काल बाजारात ओरडून सांगितलं — ऑपरेशन नाही, माझी भाची हाय तिथं! त्यावर आज पहिला माणूस आला. मोहनसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यातले. सोबत बायको. कित्येक वर्षं त्यांना ऐकू येत नाही.

मी यंत्राची डबी त्यांच्या खिशात ठेवली, वायरच्या टोकाचं बोंड कानात बसवलं, बटण फिरवलं. ते दचकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बायकोचा हात धरून हलवला. बांगड्या वाजल्या. पुन्हा हलवला. पुन्हा!

"सोडा ना वो, लोक पाहून राह्यले," ती पदर तोंडावर घेत म्हणाली.

मोहनसिंग म्हणाले, "बोल. आजून बोल."

साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तो तिळाएवढा तुकडा!

१९ मे

शाळेच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नाही.

२३ मे



सकाळी माणसं यायच्या आधी साहेब म्हणाले, "तपासणीचं मशीन आधी तुझ्यावर लावून पाहू." जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत जायचं. ऐकू आलं की बोट वर करायचं. मी करत गेले. मग बराच वेळ काहीच नाही.

"सुरू करा ना, साहेब."

"सुरूच आहे."

त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. माझ्या कानाला दुसरा लावला. पुन्हा तेच. मग हळू विचारलं, "वर्गात तू कुठे बसतेस?"

"पहिल्या बाकावर."

"का?"

का म्हणजे? मागे बसलं की सरांचे शब्द अर्धेच येतात. सगळ्यांनाच तसं होत असेल ना! आई चुलीजवळून ओरडते, "काहून आईकत नाहीस वं!" मला वाटायचं, माझं ध्यान नसतं. सगळे तेच म्हणायचे.

बारीक आवाज मला येतच नाहीत. जन्मापासूनच येत नसतील, असं साहेब म्हणाले.

"मले कामावरून काढणार काय?" मी विचारलं. घाबरले की गावाकडचं बोलणं तोंडात येतं.

"काढू कशाला? एक यंत्र तुलाही देतो."

२४ मे

लावलं नाही. कानातून वायर लोंबणारी पोरगी! कॉलेजात मुली काय म्हणतील? आई तर रडेलच.

मोहनसिंग सेल बदलायला आले. माझ्या हातातलं यंत्र पाहिलं. मी सांगितलं — कोणाला न सांगितलेलं, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तांड्यात मले बी हासले. हासू दे. ते हासणं मले आईकू आलं!"

२५ मे

लावलं.

आत्ता लिहिताना कळतंय — कागदावर पेन चाललं की आवाज होतो! खरखर, खरखर. प्रत्येक अक्षराचा वेगळा!