वरचं टोचतंय

४ फेब्रुवारी
पुन्हा तेच! "वरचं टोचतंय." सगळ्या वर्गासमोर. पदवीचं शेवटचं वर्ष, शेवटचा प्रकल्प, आणि आमच्या मिक्सिंगच्या सरांना एवढे दोनच शब्द सुचतात. वरचं म्हणजे गाण्यातले बारीक, उंच आवाज. मुलं त्यांना कर्णपिशाच्च म्हणतात, कारण भिंतीपलीकडचा पंखा कुरकुरला तरी ह्यांना ऐकू येतो म्हणे. मुलं कौतुकानं म्हणतात. मी नाही.

गाणं आमचं दोघांचं. चाल आणि रेकॉर्डिंग वर्गातल्या बोळ्याचं, मिक्स माझं — म्हणजे ड्रम, गिटार, गायिकेचा गळा, सगळं तोलून त्याचं एक गाणं करायचं ते मी. सर म्हणाले, "गायिकेचा प्रत्येक 'स' सुईसारखा येतोय," आणि कानात करंगळी घातली. वर्ग हसला. बोळाही हसला, मेला. सोनारानं कान टोचावेत म्हणतात. पण हा सोनार कुठला? ह्यांनी केलेलं एक गाणं गाजलेलं नाही आजवर.

६ फेब्रुवारी
परत ऐकलं. एकही 'स' टोचत नाही. उलट गाणं गोधडीखाली कोंबल्यासारखं वाटत होतं. वरचं आणखी वाढवलं. घ्या!

९ फेब्रुवारी
बोळा घोटाळत आला. म्हणे, "मी जरा वरचं कमी करून बघू का? तुला ऐकवतो मग." म्हटलं, हात लावलास तर तोडून ठेवीन. "बरं बाई." हा सगळ्यालाच बरं म्हणतो. सरावाला कानात कापसाचे बोळे घालून बसतो, म्हणून हे नाव. स्वतः ड्रम वाजवायचे आणि स्वतःच कानात कापूस! मी पहिल्या वर्षापासून त्या ड्रमला खेटून उभी राहते, मोकळ्या कानांनी. मला काही झालं का?

एवढी चिडते कारण ह्या वेळी नुसते गुण नाहीत. ज्यांचा प्रकल्प पहिला येईल त्यांच्यातल्या मिक्सवाल्याला एका मोठ्या स्टुडिओत सहायकाची जागा मिळणार. एकच जागा. ती मला हवी. दुसरं येतं काय मला? बाबांना प्रवेशाच्या वेळी म्हटलं होतं, माझे कान चांगले आहेत, त्यावरच पोट भरीन. ते म्हणाले, "कान काय, दोन सगळ्यांनाच असतात." दाखवायचंय त्यांना.

१२ फेब्रुवारी
ताई अंगावर आली. "मशीन कधीचं पीं-पीं करतंय, शेजारी बसून काय मंत्र म्हणतेस? त्यातले कपडे काढ." पीं नाही आणि पां नाही! स्वतःला वाळत घालायचा कंटाळा आला की हिला माझ्यात खोट दिसते.

१८ फेब्रुवारी
बोळ्यानं प्रकल्प जमा केला. मी गेले नाही. सरांचं तोंड बघायचं नव्हतं.

२६ फेब्रुवारी
पहिला आला. आमचा!

आणि आनंद कसा तो झाला नाही. सर म्हणाले, "शेवटी टोच काढलीत. आता कशी गायिका समोर येऊन बसल्यासारखी वाटते. शाबास." टोच काढली? कुणी? मी एक काडी इकडची तिकडे केली नाही, उलट वाढवलं! कालपर्यंत नावं ठेवली त्याच गाण्याला आज शाबासकी. म्हणजे ह्यांना काही ऐकू येत नाही, नुसता आव आहे. आणि ह्यांच्यापायी मी हा महिना चरफडत काढला.

बोळ्याला जाब विचारला. बुटाकडे बघत म्हणाला, "मी कमी केलं थोडं. सांगणार होतो तुला." खोटारडा. यश दिसलं की सगळ्यांचेच हात लागलेले असतात. आयत्या पिठावर रेघोट्या! आता ती जागाही मागेल बघ.

२७ फेब्रुवारी
सिद्धच केलं.

पहिल्या वर्षी शिकवलेली युक्ती. दोन फाइली एकावर एक ठेवायच्या, त्यातल्या एकीची ध्वनिलहर उलटी करायची आणि दोन्ही एकदम वाजवायच्या. जे जे सारखं असेल ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतो फक्त फरक. फरकच नसेल तर काहीच वाजत नाही.

एक माझी फाइल, दुसरी बोळ्यानं जमा केलेली. हेडफोन घातला. डोळे मिटले — "स्क्रीन बघू नका, ऐका," हे सरांचंच पालुपद! आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला.

काही नाही. ठार शांतता.

म्हणजे बोळ्यानं काडीचा बदल केलेला नाही. आणि सरांना जे टोचलं नाही ते माझंच गाणं आहे, वरचं आणखी वाढवलेलं. दोघंही एकाच जाळ्यात! सोमवारी स्टुडिओच्या मालकीणबाई येणार, सगळ्यांदेखत जागा द्यायला. तेव्हाच वाजवते ही शांतता. बोळ्याला आधी सांगावं असं क्षणभर वाटलं. नाही सांगणार. त्यानं मला कुठे खरं सांगितलं?

आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

२ मार्च
वाजवली. मोठ्या स्पीकरवर, आवाज पूर्ण वर. म्हटलं, "ऐका. ऐकू येतंय का कुणाला काही?"

पहिल्या रांगेनं कानांवर हात दाबले. मालकीणबाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, सरांना सामील आहेत सगळे. बोळा धावत आला, आवाज बंद केला. बंद केला असणार, कारण सगळ्यांचे हात खाली आले. मला आधी आणि नंतर सारखंच.

सर रागावले नाहीत. खुर्ची ओढून दिली आणि हळू विचारलं, "कधीपासून वरचं ऐकू येत नाही तुला?"

मला माहीत नाही. मला फार भीती वाटतेय.