दम उरलेला पैलवान

तीर्थरूप अर्जुनमामांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा शहादेव कळवतो, की इकडे म्हैस सोडून सगळे खुशाल आहेत. मामींच्या गुडघ्याला आराम पडला असेल. नांदूरघाटच्या तुमच्या तालमीत या दुष्काळातही पोरं घुमतात हे ऐकून बरं वाटलं.

कारखान्यावरच्या कुस्तीचं तुमच्या कानावर आलंच असेल, तरी खरं काय ते माझ्याकडून ऐका. आपल्या सहकारी कारखान्यात यंदा ऊसच नाही, म्हणजे राखायला काही नाही. पण चेअरमनसाहेबांनी ठरवलं की राखणदार पैलवानच हवा, आणि जो कुस्ती मारील त्याला नोकरी. (चेअरमनसाहेब स्वतः एके काळी पैलवान होते म्हणतात. तो काळ पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.) ही नोकरी मला किती हवी होती हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या मुक्ताला पगारी माणसालाच देणार, असं तुम्हीच आईला बजावलं होतं.

मेहनत मी कमी केली नाही. विहीर आटल्यापासून आठ महिने कोसभरावरून कावडीने पाणी आणतोय, रोज चार खेपा, त्याही पळत. जोर-बैठकांना वेळ उरत नव्हता, पण मला वाटलं, याहून मोठी मेहनत कोणती? दिवाळीत तुम्ही म्हणाला होता, "लांब पळून दम वाढतो बे, झटका मरतो. कुस्तीला झटका लागतो." तेव्हा मी मनात हसलो होतो. ते हसू परत घेतो.

समोर केजचा निवृत्ती. सलामी झाली, त्याने पट काढला (माझा पाय त्याच्या हातात गेलेला मला दिसत होता, सोडवावा असं डोक्यात आलंही, पण ते पायापर्यंत पोचेना) आणि मी आभाळ बघत होतो. अर्धं मिनिटही झालं नसेल. मामा, पाठ टेकली तेव्हा मला धापसुद्धा लागलेली नव्हती, याचंच फार वाईट वाटलं. जिंकलेला निवृत्ती मात्र असा धापा टाकायला लागला की त्याला पाणी हवं झालं, आणि हौदात थेंब नाही. पाणी आणायला सगळ्यांत आधी कोण पळालं, ते विचारू नका. घरी आई म्हणाली, "लई पळतोस म्हनतोस, मग पडलास कावून?" याचं उत्तर तुमच्याकडे आहे, म्हणून तिला तुमच्याकडेच पाठवतो.

तुमचा,
शहादेव

ता. क. निवृत्ती आता पगारी झाला. रविवारी तो मुक्ताला बघायला येणार असं कळलं. माझी काही हरकत नाही.

आणखी ता. क. हरकत आहे. पण विनंती एकच. तुमचंही पाणी आता लांबच. त्या दिवशी घरचं पाणी त्याच्याकडून भरून घ्या. भरली कावड तो एका झटक्यात उचलील, त्यात शंका नाही. घरी कधी पोचतो तेवढं मुक्ताला दारात उभं राहून बघू द्या. वाटेत टेकवून बसला, तर कावड घ्यायला मी मागे असेनच.