भंगारवाल्यांचा नवा अल्बम आणि माझं पाचवं मत

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. आठांपैकी सहा अंगांनी अगदी मनापासून. उरलेली दोन म्हणजे माझे गुडघे, ते हल्ली कोणापुढेच वाकत नाहीत, तेव्हा राग मानू नकोस. तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनी त्याला कायमचा ठेवून घेतला? भाची नव्या नोकरीत रुळली असेल. इकडे आम्ही सगळे ठीक. ही ठीक आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे, पण प्रकृतीने ठीक. मीही ठीक, म्हणजे थकलोय. एकतीस वर्षं ग्रंथालयात लोकांना गप्प बसवायचं आणि पुस्तकं जागेवर ठेवायची, यात थकण्यासारखं काय आहे असं तू म्हणशील. (मागच्या वेळी म्हणालीच होतीस.) पण हा थकवा नोकरीचा नाही. हा भंगारवाल्यांचा आहे.

भंगारवाले हे नाव तूच ठेवलेलं. तू पलीकडच्या खोलीत गाण्याच्या शिकवण्या घ्यायचीस, अलीकडे मी कॅसेट लावायचो, आणि तू दारात येऊन विचारायचीस, “हे गातायत की पत्रे उतरवतायत?” लोखंडी पिंपं, घण, करवती, यंत्रांचा खडखडाट आणि त्यावर एका माणसाचं जिवाच्या आकांताने ओरडणं, याला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात हे मी तुला तीस वर्षं समजावतोय. तू तीस वर्षं “असेल बाबा” म्हणतेस. बँडचं खरं नाव तुझ्या लक्षात राहत नाही म्हणून आता मीही भंगारवाले म्हणायला लागलोय. (मंडळात मात्र म्हणत नाही. जीव प्यारा आहे.)

मंडळ म्हणजे आम्ही पाच जण. दंतवैद्य, वेल्डर, गणिताचे मास्तर, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आणि मी. गावात भंगारवाल्यांचे चाहते एवढेच, आणि माझ्याकडे त्यांची पहिली कॅसेट सगळ्यांच्या आधी आली म्हणून मी अध्यक्ष. अध्यक्षपदासाठी याहून जास्त पात्रता माझ्यात नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. आमचे नियम तीन. नवा अल्बम आला की पहिल्यांदा तो पाचांनी एकत्रच ऐकायचा, आधी कोणी चोरून ऐकायचा नाही. ऐकताना अवाक्षर काढायचं नाही. आणि मग प्रत्येकाने मत द्यायचं आणि पाचांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही. झालेलं एकमत मास्तर वहीत सुवाच्य अक्षरात लिहितात. आजवर नऊ अल्बम झाले, नऊ एकमतं झाली. चौथ्याच्या वेळी सकाळी बसलो ते संध्याकाळी उठलो आणि ड्रायव्हिंगच्या बाईंना ताप भरला होता, पण एकमत झालं. लग्नं मोडतात ताई, भावाभावांत भिंती उभ्या राहतात, पण आमचं हे मंडळ टिकलंय याचा मला मनातून फार अभिमान आहे. नोकरीत मला कोणी काही विचारत नाही, घरात मी विचारण्याच्या पलीकडे गेलोय. रविवारची ती एक जागा आहे, जिथे माझ्या मताची चार माणसं वाट बघतात.

तर आठ वर्षांनी दहावा अल्बम आला. बैठक नेहमीप्रमाणे रविवारी दुपारी दवाखान्यात, कारण रविवारी पेशंट नसतात आणि दंतवैद्याचे स्पीकर चांगले आहेत. तिथे बसण्याचाही मान ठरलेला आहे. मास्तर आणि बाई बाकावर, दंतवैद्य त्याच्या फिरत्या स्टुलावर, वेल्डर खिडकीत, आणि अध्यक्ष पेशंटच्या खुर्चीत. त्या खुर्चीत बसता येत नाही, आडवंच व्हावं लागतं. रिमोट माझ्या हातात, तोंडावर तो मोठा दिवा (बंद), आणि छताशिवाय काही दिसत नाही. अशा थाटात मी नऊपैकी सहा अल्बम ऐकलेत. दुखरा दात नसताना त्या खुर्चीत पडण्यासारखं सुख नाही.

पहिली सहा गाणी छान दणदणीत झाली. छातीत ठोके बसत होते, ट्रेमधली अवजारं थरथरत होती, जुने दिवस आठवत होते. सातवं आणि शेवटचं गाणं सुरू झालं. यंत्रं हळूहळू मंदावत गेली, एकेक करून थांबली, आणि सगळं शांत झालं. मी जरा वेळ छताकडे बघत पडलो. मग अध्यक्ष या नात्याने रिमोटचं बटण दाबलं, जांभई दिली आणि म्हणालो, “चला, संपलं एकदाचं!”

उठून बघतो तर चौघं माझ्याकडे अशी बघतायत, जणू मी देवळात शिट्टी मारली. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं याबद्दल मी इथे काही लिहीत नाही, ते सवडीने सांगेन. पण झालं असं होतं, की गाणं संपलं नव्हतं. यंत्रं थांबल्यावर त्या शांततेत एकच बारीक, उंच सूर पुढे दोन मिनिटं चालतो म्हणे. तेच म्हणे त्या अल्बमचं मर्म. आणि तो ऐन रंगात आला असताना अध्यक्षांनी जांभई देऊन त्याचा गळा दाबला.

दंतवैद्याने धावत येऊन मला मिठी मारली. “मर्द आहेस! माझ्या मनातलं बोललास!” त्याचं म्हणणं, ज्यांनी आयुष्यभर घण मारले त्यांनी म्हातारपणी असं कण्हत बसावं हा आपला अपमान आहे, अल्बमला धार नाही, आणि तो बारीक सूर तर त्याला दिवसभर ड्रिलमधून फुकट ऐकायला मिळतो. मास्तरांनी सात गाण्यांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज केली, शंभरपैकी त्रेसष्ट. सातव्याचे अठरा गुण ‘विषय सोडून लिहिले’ म्हणून कापले. वेल्डर मात्र खिडकीतून हललाच नाही. (आमच्यात लोखंडाशी खरा संबंध असलेला हा एकटाच, हे लक्षात घे. बाकीचे आम्ही हौशी.) तो म्हणाला, “दिवसभर ठणठणाट ऐकून कान किटतात माझे. घरी येऊन तोच ऐकतो, कारण दुसरं काही आत शिरतच नाही. आज पहिल्यांदा त्यांनी मशीन बंद केली. बंद केल्यावर आत काय उरतं ते दाखवलं. आणि तुम्ही जांभया देता?” त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी त्याच्या डोळ्यांत ठिणगीशिवाय काही गेलेलं पाहिलं नव्हतं.

बाई वेल्डरच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि तावातावाने म्हणून गेल्या, “तो शेवट तिसऱ्यांदा ऐकताना तर जास्तच...” आणि त्यांनी जीभ चावली. तिसऱ्यांदा! म्हणजे बाईंनी दोन दिवस आधीच गाडीत, शिकाऊ माणसाला शेजारी बसवून, अख्खा अल्बम दोनदा ऐकला होता. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. एरवी एवढ्यावरून वर्षभर पुरेल असं भांडण झालं असतं, पण त्या दिवशी ते किरकोळीत गेलं. दोन विरुद्ध दोन. आणि पाचवं मत माझं, जे दंतवैद्याच्या मते मी देऊन मोकळा झालो होतो आणि वेल्डरच्या मते मी अजून माणसात येऊन द्यायचं होतं. एकमत न होता बैठक उठली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मला येत्या रविवारपर्यंत मुदत दिली आहे.

आता याचे परिणाम ऐक. वेल्डरच्या दाढेचं काम दंतवैद्याकडे अर्धं झालेलं आहे. दाढ पोखरून आत तात्पुरतं सिमेंट भरलंय, बाकीचं दोन खेपांत व्हायचं होतं. वेल्डर आता दवाखान्याची पायरी चढत नाही. “ज्याला ती दोन मिनिटं कळत नाहीत, त्याच्यासमोर मी तोंड उघडणार नाही,” म्हणतो. गाल सुजून आंब्याएवढा झालाय. दंतवैद्य म्हणतो, “ये म्हणावं, दार उघडं आहे,” पण निरोप पाठवणार नाही. तिकडे मास्तरांच्या बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा पुढच्या मंगळवारी आहे आणि बाईंनी तिला गाडी मागे घ्यायला शिकवणं थांबवलंय. ती बिचारी पुढे सगळीकडे जाऊ शकते, पण परत येऊ शकत नाही. तिने अल्बम ऐकलेलाही नाही!

मला मधल्या मध्ये इकडे आड तिकडे विहीर. सोमवारी वेल्डर ग्रंथालयात आला. तिथे ‘शांतता राखा’ची पाटी मीच लावलेली, त्यामुळे तो माझ्या टेबलावर वाकून, सुजलेल्या गालावर हात ठेवून पंधरा मिनिटं कुजबुजला. मी मान हलवत राहिलो. जाताना त्याने माझा हात दाबला. संध्याकाळी दंतवैद्य आला, तोही कुजबुजला, मी तशीच मान हलवली, त्यानेही हात दाबला. आता दोघांनाही वाटतंय की मी त्यांच्या बाजूने आहे, आणि मी नेमका कशाकशाला होकार दिला ते देव जाणे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ही म्हणते, “एवढं काय त्यात, एक मत देऊन मोकळे व्हा.” म्हणजे असं काहीतरी म्हणाली असावी. ती स्वयंपाकघरात होती.

मी फार कंटाळलोय, ताई. पत्र लांबलं. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. घरात वडील माणूस म्हणून आता तूच आहेस, तेव्हा आशीर्वादाची जास्त गरज इकडे आहे.

तुझा धाकटा

ता. क. १ : सोबत छोटं पाकीट आहे, त्यात नवा अल्बम आहे. दचकू नकोस. पहिली सहा गाणी ऐकली नाहीस तरी चालेल, पण सातव्याचा शेवट ऐक आणि कसा वाटला ते सात-आठ ओळींत लिहून पाठव. गुरुवारपर्यंत टपालात टाकलंस तर शनिवारी मला मिळेल. तू जे लिहिशील ते रविवारी मी माझं मत म्हणून वाचून दाखवीन. ज्या माणसांना तू तीस वर्षं शिव्या घातल्यास त्यांचा निकाल आता तुझ्या हातात आहे. सुराची पारख तुझ्याइतकी कोणाला नाही, म्हणून तुला विचारतोय. दुसरं काही कारण नाही.

ता. क. २ : वरचं शेवटचं वाक्य खोटं आहे. मला तो सूर ऐकूच आला नाही. मला खरोखर वाटलं, गाणं संपलं. नंतर घरी कान लावून अकरा वेळा ऐकलं, मोठ्या आवाजात, दार लावून. यंत्रं थांबतात आणि मग काही नाही. आज सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख बघून विचारलं, “कारखान्यात किती वर्षं काढलीत?” मी म्हणालो, ग्रंथालयात, एकतीस. त्यांनी कागदावर ‘कारखाना’ असंच लिहिलं. बारीक आणि उंच आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. फोनवर तुझा आवाज निम्माच पोचतो, म्हणून पत्रं. हिला सांगितलेलं नाही. हाक मारली तरी मी ओ देत नाही म्हणून ती रागावलीय, आणि मी तिला रागावू दिलंय. उद्धट म्हणवून घेणं बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा सोपं जातं. मला भीती वाटते ताई. ऐकू न येणाऱ्या माणसाला मंडळात कोण ठेवून घेईल?

ता. क. ३ : पाकीट चिकटवून पुन्हा फोडलं. पहिला ता. क. रद्द समज. मत मागवून वाचून दाखवण्याचं काही खरं नाही, आणि वेल्डरचा गाल रविवारच्या पुढे थांबेल असं दिसत नाही. रविवारी मी चौघांना सांगणार आहे, की ते ‘संपलं एकदाचं’ हे माझं मत नव्हतं, तो माझा कान होता. हिला आज संध्याकाळीच सांगतो. निकाल मग दोन विरुद्ध दोन राहिला तरी राहू दे, पण दाढ भरून घ्या म्हणावं.

अल्बम मात्र ऐक. वहीसाठी नको, मंडळासाठी नको. त्या दोन मिनिटांत काय आहे ते मला एकट्याला लिहून कळव. वाईट असेल तर एका ओळीत उरक. चांगलं असेल तर जरा सविस्तर लिही.