घरी काय हाक मारतात

प्रिय आक्का,

खरं तर तुम्हाला तीर्थस्वरूप लिहायला हवं. पण घरातलं माणूस गेल्यावर मानपानाचा कंटाळा येतो, म्हणून प्रियच लिहिते. हे पत्र चष्मा लावून स्वतः वाचा, संपतकडून वाचून घेऊ नका. तुमचा मुलगा गुणी आहे, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मला जे विचारायचंय ते ओरडून विचारण्यासारखं नाही.

संपत मातीला येऊन गेला. मामा उन्हात चक्कर येऊन गेले, असं त्यानं तुम्हाला सांगितलं असेल. तसं सांग म्हणून मीच बजावलं होतं. तुमच्या भावाला विसरायला होत होतं हे तुम्हाला ठाऊक आहे, पण किती ते नाही. शेवटी शेवटी मला बाई म्हणायचे. चहा चांगला करता हो बाई, म्हणायचे. उभ्या संसारात पहिल्यांदा माझ्या चहाचं कौतुक झालं, तेही परकी समजून. मी हसले होते, मग मोरीत जाऊन रडले. दाराला कडी, चपला लपवून ठेवायच्या, सगळं करत होते. एका दुपारी गच्चीवरच्या कुरडया उचलायला गेले तेवढ्यात ते अनवाणीच बाहेर पडले.

आक्का, तुम्ही परभणीला, त्यामुळे डोंगरात हरवलेल्यांना शोधायचं भावाचं वेड तुम्ही फक्त ऐकलंत. मी त्याच्याशी संसार केला. भोसरीच्या कारखान्यात आठवडाभर राबायचं आणि रविवारी दोर खांद्यावर टाकून कुणाच्या तरी हरवलेल्या पोराला शोधायला दऱ्याखोऱ्यांत उतरायचं. पैसा नाही, पगार नाही. घरी मी आणि गार झालेली भाजी. मी भांडायचे, ते चिखलाचे बूट दाराबाहेर काढून मुकाट्यानं जेवायचे. एकदा सदाशिव पेठेतल्या क्लासचा एक मुलगा रायगडाच्या बाजूच्या जंगलात चुकला. पोरं दत्तप्रसाद, दत्तप्रसाद म्हणून घसा फोडत होती. ह्यांनी त्याच्या आईला फोन लावून विचारलं, घरी काय हाक मारता? पिंटू. मग ह्यांनी पिंटू म्हणून हाक दिली आणि खालच्या करवंदीच्या जाळीतून ओ आली. पुढं तो मुलगा पेढे घेऊन आला, तेव्हा म्हणाला, आधीच्या हाका ऐकू येत होत्या, पण त्या आपल्यासाठी आहेत असं वाटतच नव्हतं. तेव्हापासून हे सगळ्या नव्या पोरांना दोन गोष्टी शिकवायचे. आधी घरच्यांना विचारा, घरी काय हाक मारतात. आणि स्वतः हरवलात तर आहे तिथं बसा, हलू नका, आम्ही येतो.

तर ते घरातून निघून गेले तेव्हा त्यांच्या त्या शोध घेणाऱ्या ग्रुपची सगळी पोरं धावून आली. पुढं उत्कर्षा होती. ह्यांच्याच हाताखाली गाठी मारायला शिकलेली, आता तीच सगळ्यांना हुकूम सोडते. वारज्याची अख्खी टेकडी, हायवेचा पूल, नदीकाठ, काही म्हणून सोडलं नाही. काका, सर, नागोरावकाका, अशा हाका चालल्या होत्या. मी काय हाक मारणार? जन्मभर अहो म्हणत आले, तेच अहो म्हणत बाजारातून फिरले, तर चार भलतेच पुरुष वळून बघायचे. त्या दिवसांत मला हसूही आलं, त्याची अजून लाज वाटते.

ते सापडले तिसऱ्या दिवशी. टेकडीच्या मागच्या उतारावर नवं बांधकाम चाललंय, त्याच्या पत्र्यांमागे एका झाडाला टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, आदल्या दुपारपर्यंत जीव असावा. पोरं त्याच उतारावरून दोनदा गेली होती.

इथवरचं इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फक्त मला आणि उत्कर्षाला. त्या साइटवर एक मजूर बाई आहे, उत्तरेकडची, हिंदी बोलणारी; मागाहून तिनंच आम्हा दोघींना सांगितलं. तिनं पहिल्या संध्याकाळी ह्यांना पाणी दिलं होतं. कुठं जायचंय बाबा, विचारलं, तर म्हणाले, आई हाक मारेल, मग जाईन. घर जवळच असेल असं समजून ती गेली. दुसऱ्या दिवशी मुकादमानं तिला दुसऱ्या साइटवर नेलं. पण त्या पहिल्या संध्याकाळी वरून हाका येत होत्या, त्या तिनं ऐकल्या होत्या. कोणाला बोलावतात, असं तिनं ह्यांनाच विचारलं. हे म्हणाले, कुणी नागोराव हरवलाय. हलला नाही तर सापडेल.

आणि स्वतः हलले नाहीत, आक्का. शिकवलं तसं बसून राहिले.

उत्कर्षानं हे ऐकलं आणि दोर, हेल्मेट, शिट्टी सगळं माझ्या पलंगाखाली आणून टाकलं. काकू, मी विचारलंच नाही, एवढंच म्हणाली. स्वतःच्या गुरूचं घरातलं नाव कोण विचारेल? पण ती ऐकत नाही. आता कुणी हरवल्याचा फोन आला तरी उचलत नाही. येते, माझ्यासमोर बसते, उठून जाते. माझ्याकडं तिला द्यायला काही नाही.

म्हणून हे पत्र. आई लहानपणी त्यांना काय हाक मारायच्या, ते आता फक्त तुम्ही जाणता. मला दोन पत्रं लिहा. एकात लिहा की आई त्यांना नागोरावच म्हणायच्या, दुसरं नाव कधी नव्हतंच. ते मी उत्कर्षाला दाखवीन. तिचा विश्वास बसेल, असं मला वाटत नाही, तरी दाखवीन. दुसऱ्यात खरं नाव लिहा, आणि ते पाकीट नीट चिकटवा. ते नाव मी कुणाला सांगणार नाही. त्याचा आता कुणाला उपयोगही नाही. पण एवढी वर्षं त्यांचं घर सांभाळलं, आणि मला ठाऊक असलेल्या एकाही हाकेला त्यांनी ओ दिली नाही. दिली असती ती कुठली, तेवढं मला माहीत हवं.

तुमचीच,
सत्यशीला