कलिंगडाच्या सालीची भाजी

गडब,
मंगळवार

प्रिय भूमिका,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यावरून मनाची काही समजूत करून घेऊ नकोस. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण झालं असतं. म्हणून लिहिते आहे. शेजारची शकू उद्या तुमच्याकडे वरसेला तिच्या लेकीकडे चालली आहे, तिच्या हाती देते. पाकीट चिकटवलं आहे. फोडलेलं दिसलं तर शकूला विचार, तिची खोड तुला ठाऊक आहे.

रविवारी खांबला दत्तात्रेय मामांकडे बैठक ठरली आहे, ते तुझ्या बाबांना कळवलंय. तुमच्याकडची चार माणसं, आमच्याकडची चार. तुझं नि निकेशचं जुळवायचं की मोडायचं, ते तिथं ठरणार. निकेशला मोडायचं आहे. त्यानं कारणही तयार ठेवलंय. तुला स्वयंपाक येत नाही असं तो म्हणत नाही, तू चांगलं अन्न मुद्दाम नासवतेस असं म्हणतो. एकदा आठ माणसांसमोर हे निघालं की पेणपासून रोह्यापर्यंत आपल्या माणसांत ते फिरणार, आणि तू पुढे कुठंही गेलीस तरी तुझ्या आधी ते पोचलेलं असणार. तुझं काय पणाला लागलंय ते तुला माझ्याहून जास्त कळत असेल.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. तू मला आवडली नाहीस. लग्नात आवडली नव्हतीस, दोन वर्षं घरात वावरलीस तेव्हा आवडली नाहीस, आणि आता माहेरी जाऊन बसली आहेस तर मी आठवणीनं डोळे पुसते आहे असंही नाही. तुम्ही आतली, वाल-भाताची माणसं. आम्ही खाडीची. आमच्याकडे हातही सैल आणि आवाजही. तू आलीस ती हळू बोलत. रागावलीस तरी हळू. मला अशा माणसांचा भरवसा वाटत नाही, पोटात काय आहे ते कळतच नाही. मी सुकटीचा डबा उघडला की तू खिडकी उघडायचीस. तोंडानं एक अक्षर नाही, नुसती खिडकी उघडायचीस. मी पेणच्या बाजारात सुकी मासळी विकून पोर वाढवलं. मला त्या खिडकीचा जेवढा राग यायचा तेवढा कोणी शिवी दिली असती तरी आला नसता.

मग दिवाळीनंतर निकेशच्या ठेकेदाराचं कंपनीतलं काम संपलं आणि हा घरी बसला. पगार बंद, माझ्या मासळीवर घर चालेना, आणि तू तो मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केलास. कोणती तरी बाई त्यात कमी खर्चात काय काय करायचं ते शिकवायची आणि तू वहीत उतरवून घ्यायचीस. फ्लॉवरची पानं नि दांडे आम्ही जन्मभर शेजारच्या गाईला घातले, तू त्यांची चटणी वाटलीस. दुधीची साल भाजून तीळ लावलेस. रेशनच्या तांदळाच्या कणीचा ढोकळा केलास. सोयाबीनच्या वड्या भिजवल्यास, पिळल्यास, मिक्सरमधून काढल्यास आणि त्याला खिमा म्हणालीस. पेज गाळून त्यात लसूण टाकलास नि सूप म्हणून वाटीत वाढलीस. आमच्यात पेज आजाऱ्याला देतात गो. तेल तर तू चमच्यानं मोजायचीस, औषध पाजावं तशी. मी गरिबी तुझ्याहून जास्त पाहिली आहे. मिठागराचा बांध फुटला, खाडी आत आली आणि तुझ्या सासऱ्यांचं काम कायमचं गेलं, त्या वर्षी आम्ही एकवेळ जेवलो. पण आम्ही कमी खाल्लं, लोकांनी टाकलेलं नाही खाल्लं. तुझ्या त्या प्रत्येक नव्या पदार्थात मला हेच दिसायचं, की या घराला आता फेकायच्या वस्तू खायची पाळी आली.

आणि ती सालं. हायवेला नाक्यावर कलिंगडाचा रस काढणारा बसतो, त्याच्याकडे तू पिशवी घेऊन गेलीस आणि सालं मागितलीस. धोंडुबाईनं पाहिलं. धोंडुबाईनं पाहिलं म्हणजे गडबनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती मला बाजारात चार बायकांसमोर विचारते, म्हैस कधी घेतली म्हणून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आले तर तू सालीचा हिरवा भाग काढून आतला पांढरा बारीक चिरून बसली होतीस. मेथीदाण्याची फोडणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, वरून मूठभर खोबरं, तेही सोमवारच्या नारळातलं उरलेलं. मी ठरवूनच टाकलं होतं की ताटाला शिवायचं नाही. मी माझ्यापुरतं नि निकेशपुरतं बोंबलाचं कालवण वेगळं केलं. निकेश दोन महिने घुम्यासारखा जेवून उठत होता. त्या दिवशी त्यानं ती भाजी तीनदा घेतली. भाकरीनं ताट पुसून घेतलं, हसला, आणि म्हणाला की इतक्या वर्षांत या घरात अशी भाजी झाली नाय. माझं कालवण वाटीत तसंच होतं, त्यावर साय धरली होती. तू मान खाली घालून हसलीस. माझ्या पोटात दुखलं. लिहायला लाज वाटते, पण दुखलं, आणि ते नंतर थांबलं नाही.

त्यानंतरच तुझं मीठ बिघडायला लागलं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. अगदी तोंडात धरवणार नाही इतकं नाही, पण पहिल्या घासाला माणसाचा चेहरा वाकडा होईल इतकं. एरवी तुझा हात बरा होता, हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. निकेश आधी हसण्यावारी नेत होता. मग चिडायला लागला, कारण घरात आधीच नड आणि त्यात केलेलं अन्न टाकावं लागायचं. तू मीठ कमी करून पाहिलंस, तर कधी जेवण अळणी व्हायचं. तू चमचा घेऊन दोनदोनदा चाखायला लागलीस. चाखताना ठीक, वाढल्यावर खारट. एके दिवशी तू पेणला जाऊन डॉक्टरला जीभ दाखवून आलीस, त्यानं शक्तीच्या गोळ्या दिल्या. तुझ्या जिभेवरचा तुझाच विश्वास उडाला होता. तू ओट्याशी उभी राहून बोटानं पुन्हा पुन्हा चाखायचीस आणि तुझे डोळे भरून यायचे, ते मी दारातून पाहिलंय. मी तुला काही म्हटलं नाही. मी म्हणाले फक्त निकेशला, की मन लागत नसेल तिचं.

मग जितेश जेवायला आला. निकेशचा जुना सुपरवायझर, आता नव्या ठेकेदाराकडे माणसं भरायचं काम त्याच्याकडे. निकेशची सगळी आशा त्याच्यावर. घरात मटण आणायची ऐपत नव्हती, तर तू म्हणालीस मी आहे त्यात करते. सोयाबीनचा तो खिमा, सालीची भाजी, कणीची खीर. सकाळी तुमचं दोघांचं काहीतरी वाजलं होतं, पण तू पदर खोचून कामाला लागलीस. जितेश दारातून आत आला तोच वासानं खूश. वहिनींच्या हाताला चव दिसते म्हणाला, आणि मला म्हणाला, मावशी, तुम्हाला आता आराम. मग पानं वाढली. खिमा खारट, भाजी खारट, आणि खीर तोंडात घातल्यावर त्यानं मोरीवर जाऊन थुंकली. भाजीत मीठ जास्त पडलं तर माणूस समजून घेतो. खिरीत मीठ कोणाच्या हातून चुकून पडत नाही. म्हणून सगळ्यांना तेव्हाच पटलं की सकाळच्या भांडणाचा तू असा सूड घेतलास. निकेशनं ताट भिरकावलं. तुझ्या आईबापांना नको ते बोलला. तू नेहमीसारखी हळू बॅग भरलीस आणि नाक्यावरून रोह्याची एसटी धरलीस. जितेशनं पुढे निकेशला बोलावलं नाही. दुसऱ्या कोणाला लावलं.

याला आता सात आठवडे झाले. निकेश कधी रेतीच्या गाडीवर जातो, कधी घरी असतो. घरखर्चाची ओढ तीच. मागच्या मंगळवारी मी बाजारातून येत होते तर रसवाल्यानं मला हाक मारली, सुनबाई दिसत नाय म्हणाला, आणि माझ्या हातात सालांची पिशवी दिली. धोंडुबाई बघत होती. मी घेतली. घरी येऊन तुझी वही शोधली आणि जसं लिहिलंय तसं केलं. मेथीदाणे, चिंच, गूळ, एक चमचा तेल, वर एक थेंबही नाही. निकेश जेवायला बसला आणि ओळखलं त्यानं. सगळी खाल्ली. मला वाटलं तुझी आठवण येऊन रडेल. तसं झालं नाही. तो म्हणाला, आई, हीच चूल, हीच वही, हेच सामान, आणि तुझ्या हातून बघ कशी होते. म्हणजे ती मुद्दाम करत होती. रविवारी तू हे सगळ्यांसमोर सांग, तुझं कोणी खोटं म्हणणार नाय. तेव्हापासून रोज जेवताना तो मला हेच पढवतो, काय बोलायचं, कुठं थांबायचं. मी मान हलवते. त्या दिवसापासून मी भाजी खाते ती अळणी, मिठाच्या बरणीला हात लावायला जीव होत नाही.

भूमिका, मीठ मी टाकत होते. तू चाखून झाकण ठेवून मोरीवर हात धुवायला गेलीस की. तुझ्या सासऱ्यांच्या मिठागरातलं शेवटचं पोतं मी माळ्यावर ठेवलंय, त्यातलं. किती टाकलं म्हणजे नुसता चेहरा वाकडा होतो आणि किती टाकलं म्हणजे थुंकावं लागतं, ते माझ्या मुठीला बरोबर कळतं, एवढंच मी आयुष्यात शिकले. तू कमी घातलंस तेव्हा मी हात आखडला, म्हणून अळणी व्हायचं. खिरीतही मीच. जितेशनं मला आराम करायला सांगितलं ते सहन झालं नाही, आणि पोराची नोकरी समोर असताना माझा हात थांबला नाही. हे पत्र तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही, तू देणार नाहीस आणि मी तुझ्या जागी असते तर मीही दिली नसती. तू परत यावीस म्हणूनही नाही, ते तुझं तू ठरव. रविवारी सगळे बसले की मामा आधी मुलाकडच्यांना बोलायला सांगतील, ही तिथली पद्धत. तू थांबू नकोस. उभी राहा आणि हे वाच, पहिल्यापासून सगळं वाच. तू मला आवडत नाहीस तेही वाच, म्हणजे गोडीगुलाबीनं माझ्याकडून लिहून घेतलं असं कोणी म्हणणार नाही. अक्षर निकेश ओळखतो, त्याच्या शाळेच्या वह्यांवर नाव मीच घालायचे. मी त्याच्या शेजारी बसलेली असेन. मला आधी बोलू दिलंस तर मी त्याच्यासारखंच बोलेन, खोटं बोलेन, आणि घरी येऊन जेवेनही. मी मला ओळखते. म्हणून मी तोंड उघडायच्या आत हे वाच.

तुझीच सासू,
जनी