पहिला नंबर

चिखलोली
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय उमाताई,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही मजेत. तुझी भाची राजसी कॉलेजात रमलीय, आमचा नवरोबा उन्मेष नेहमीसारखा कंपनी आणि टीव्हीवरच्या बातम्यांत. आठवडाभर तुझे फोन उचलले नाहीत, त्याबद्दल आधी शिव्या घालून घे. फोनवर तू रडतेस, मग मीही रडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून हे पत्र.

आधी गोड बातमी. आमच्या नर्सेसच्या संघटनेच्या इथल्या शाखेची मी अध्यक्ष झाले! अगं, मी! जिला वर्गात कविता म्हणताना घाम फुटायचा. उन्मेष म्हणाला, "पगार नाही, सुट्टी नाही, ड्युटी संपल्यावर आणखी राबायचं, आणि त्यासाठी निवडणूक लढवतेस?" म्हटलं, हो, लढवते.

समोर सुहासिनी होती, उल्हासनगरची. माझ्याच बॅचची, पण आमचं कधी फारसं पटलं नाही. आवाज असा, की वॉर्डातून बोलली तर कॅन्टीनवाला चहा पाठवतो. मी मतं मागताना एकच सांगत होते: आपण दिवसभर दुसऱ्यांचं बीपी बघतो, आपलं कोण बघणार? नर्सेसची दरवर्षी तपासणी झालीच पाहिजे. नुसतं बोलून काय होतंय, म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये हॉल घेऊन जानेवारीत कॅन्सर तपासणीचं शिबिरच ठेवलं. डॉक्टर मॅडम आल्या, पडदा लागला.

आणि पडद्यामागे जायला कोणी तयार नाही! हॉलभर नर्सेस, आणि सगळ्यांचं एकच, "तू जा ना आधी." कोणाला ड्युटी आठवली, कोणाला पोरांचा डबा. एरवी पेशंटला दटावणाऱ्या आम्ही, स्वतः पेशंट व्हायची वेळ आली तर अशा. मी तर फार कामात असल्याचं दाखवत बिस्किटं मांडत होते.

ताई, बिस्किटं का मांडत होते ते आता लिहिते. दिवाळीपासून माझ्या डाव्या छातीत गाठ लागत होती. कोणालाच सांगितलं नव्हतं, उन्मेषलाही नाही. आईने जसं अंगावर काढलं आणि गेली, अगदी तसंच. आणि भाषणं मात्र तपासणीची! भीती वाटत होती गं, दुसरं काही नाही. आंघोळीला गेले की हात तिथेच जायचा.

सुहासिनीने माझ्या हातातली प्लेट काढून घेतली. "ए शलाका, भाषण बस झालं. अध्यक्ष व्हायचंय ना तुला? मग पहिला नंबर तुझा." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पळायला जागाच उरली नाही. गेले.

मॅडमचा हात गाठीपाशी थांबला तेव्हाच मला रडू फुटलं. बाहेर आले. सुहासिनीने माझं तोंड बघितलं. "मी येणार सोबत," एवढंच म्हणाली. आणि खरंच आली, सोनोग्राफीला, सुईच्या तपासणीला, सगळीकडे. उन्मेषला घरी येऊन सांगितलं. तो आधी चिडला, मग जेवलाच नाही.

परवा रिपोर्ट आला. साधी गाठ आहे. कॅन्सर नाही. ताई, नाही! सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, बस. मी लॅबच्या पायरीवर बसून इतकी रडले, की वॉचमन बिचारा घाबरून पाणी घेऊन आला. इतकं हायसं वाटतंय ना, काल जेवताना एकटीने अर्धं श्रीखंड संपवलं.

आज मतदान झालं. सुहासिनी हरली, आणि पेढे तिनेच आणले. वर म्हणते, "हे रिपोर्टचे आहेत हां, तुझ्या खुर्चीचे नाहीत." शिबिराच्या दिवशी माझ्यामागून एकेक करत सगळ्या आत गेल्या होत्या. मतं बहुतेक त्याचीच मिळाली.

आता तुझं. आई गेल्यापासून दरवर्षी तू म्हणतेस, मुलांच्या परीक्षा झाल्या की दाखवून येते. तुझ्या शाळेतल्या परीक्षा कधी संपल्यात का? मला ठाऊक आहे, तुलाही भीती वाटते. २२ तारखेला मी कराडला येतेय. तुझी अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीय. पडद्याबाहेर मी बसेन.

मी जाऊन आले, ताई. आता तुझा नंबर.

तुझी धाकटी,
शलाका