तुषारच्या नावापुढची खूण

सौसर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. तुषार यास बाबांचे आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. अंबिया बहाराची संत्री उतरली, रामाकोना गावच्या मामांनी टोपलीभर पाठवली. आईचा घसा जरा बसला आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझा मित्र अक्षय याच्याकडून तुझ्या नव्या ऑफिसचा पत्ता घेतला.

दहा वर्षांपूर्वी तू जुन्या कॉम्प्युटरवर तो मीडिया सर्व्हर बसवून दिलास. घरचे व्हिडीओ आम्ही इथे टीव्हीवर पाहायचो, तू पुण्यात. फुकट. आता त्या सर्व्हरची कंपनी म्हणते, घराबाहेरून पाहायचं तर दरवर्षी पैसे भरा. आधी लळा लावायचा, मग दोरी आवळायची! व्हिडीओ आमचे, कॉम्प्युटर आमचा, वीजही आमचीच जळते. मी चिडलो, भरले नाहीत. खरं सांगू? वाटलं, बंद पडलं की तू निदान चिडून तरी फोन करशील.

फोन आला. तुझा नाही.

लग्नकार्यात भांडी हरवू नयेत म्हणून आपण गंजावर, ताटांवर नाव कोरतो ना, त्याच सवयीनं मी सर्व्हरलाही नाव दिलं होतं: ‘रवींद्र डोंगरे, सौसर’, आणि पुढे मोबाइल नंबर. तू तेव्हा पोट धरून हसला होतास. तोच नंबर टीव्हीच्या पडद्यावर वाचून तृप्ती नावाच्या मुलीनं फोन केला. ती तुझ्या पुण्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये भाड्यानं राहते. तू टीव्ही तिथेच सोडलास आणि त्यावर तुझं खातं चालूच राहिलं.

“काका, काकूंचे व्हिडीओ दिसत नाहीत. त्या बऱ्या आहेत ना?” असं विचारत होती.

तूच आईला म्हणाला होतास, बोलायला वेळ नसतो, आई, तू व्हिडीओ टाकत जा, मी पाहत जाईन. तेव्हापासून तुझी आई दर रविवारी केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसते. काय रांधलं, कोण आलं, सगळं तुला सांगते. पाहिलं की तुझ्या नावापुढे खूण येते. “अहो, पाहून राहिला ना तो? मंग झालं,” म्हणते आणि मगच ताट वाढून घेते.

दीड वर्ष ती परकी पोरगी पाहत होती, तुषार. तू नाही. हे मी तुझ्या आईला सांगितलेलं नाही.

आणि जे तुला सांगू नका असं हिनं बजावलं आहे, ते सांगतो. तिच्या घशात कर्करोगाची गाठ आहे. येत्या सोमवारी नागपूरला ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार. त्यानंतर तिचा आवाज राहणार नाही.

मी मुकाट्यानं पैसे भरले. एकदाच भरून जन्मभर चालेल अशीही सोय होती. मी वर्षाचेच भरले.

काल रविवार. ती कॅमेऱ्यासमोर बसली. मध्येच आवाज फाटायचा, पाणी प्यायची, पुन्हा बोलायची. संध्याकाळपासून सारखी उठून खूण आली का ते पाहत होती. शेवटी म्हणाली, “काम असन त्याले.”

तृप्तीला मी विनंती केली आहे की पोरी, हा एक व्हिडीओ पाहू नकोस. ती रडली, पण कबूल झाली. तेव्हा आता खूण लागली तर ती तुझीच असेल. पासवर्ड बदललेला नाही.

सोमवारच्या आत लागू दे रे.

तुझे,
बाबा
(नाव, नंबर तोच आहे.)